घरचा मॉनिटर एक, कामे दोन : डिझाइन आणि गेमिंगसाठी पडद्याची निवड

नवी दिल्ली : लग्नपत्रिका, दिवाळी अंकाचे मुखपृष्ठ, मसाल्याच्या पाकिटाचे वेष्टन किंवा समाजमाध्यमांवरील जाहिराती घरी बसून तयार करणाऱ्या डिझायनरच्या मेजावर बहुधा एकच मॉनिटर असतो. दिवसा त्यावर काम चालते आणि रात्री त्याच पडद्यावर तो स्वतः किंवा घरातील मुले गेम खेळतात. या दोन उपयोगांच्या अपेक्षा मात्र वेगवेगळ्या आहेत. डिझाइनला रंगांचा खरेपणा आणि अक्षरांची सुस्पष्टता लागते, तर गेमला वेग लागतो. दोन मॉनिटर घेण्याइतका पैसा आणि जागा बहुतेक घरांत नसल्याने एकाच पडद्यात हे दोन्ही बसवावे लागते.

बाजारातील अनेक मॉनिटर गेमिंगच्या नावाने विकले जातात. खोक्यावर वेगाचे आकडे ठळक छापलेले असतात; रंगांची माहिती बारीक अक्षरांत असते किंवा नसतेच. गेममध्ये काही मिलिसेकंदांचा उशीर झाला तर फार तर एक डाव हातचा जातो. परंतु रंग चुकीचे दाखवणाऱ्या पडद्यावर पक्की केलेली रचना हजारो प्रतींत छापली गेली, तर त्या छपाईचा भुर्दंड डिझायनरवर येऊ शकतो. म्हणूनच पडद्यावर पोट अवलंबून असेल त्याने आधी रंग, मग सुस्पष्टता आणि त्यानंतर वेग या क्रमाने निवड करणे श्रेयस्कर ठरते.

आकार आणि रिझोल्यूशन

मॉनिटरचा आकार कर्णरेषेवर, इंचांत मोजला जातो. रिझोल्यूशन म्हणजे पडद्यावरील आडव्या व उभ्या पिक्सेलची संख्या. घरगुती वापरात तीन प्रकार प्रामुख्याने आढळतात : १९२० × १०८० म्हणजे फुल एचडी, २५६० × १४४० म्हणजे क्यूएचडी आणि ३८४० × २१६० म्हणजे ४के. फुल एचडीमध्ये सुमारे २०.७ लाख, क्यूएचडीमध्ये सुमारे ३६.९ लाख आणि ४केमध्ये सुमारे ८२.९ लाख पिक्सेल असतात.

यांतील कोणताही आकडा एकटा उपयोगाचा नाही. एका इंचात किती पिक्सेल बसतात यावर सुस्पष्टता ठरते. २४ इंची फुल एचडी पडद्यावर ही घनता सुमारे ९२ असते. तेच रिझोल्यूशन २७ इंची पडद्यावर ताणले की ती ८२ वर घसरते आणि अक्षरांच्या कडा दातेरी दिसू लागतात. २७ इंची क्यूएचडी पडद्यावर ती सुमारे १०९, तर २७ इंची ४के पडद्यावर सुमारे १६३ असते.

देवनागरीत अक्षरजुळणी करणाऱ्यांना हा फरक विशेष जाणवतो. रफार, अनुस्वार, उकार आणि जोडाक्षरे यांचा गुंता लहान जागेत उमटायचा असतो. घनता कमी असेल तर लहान टाइपातील अनुस्वार मात्रेला चिकटल्यासारखा दिसतो आणि मुद्रितशोधनात चूक निसटते. त्यामुळे डिझाइन व गेमिंग या दुहेरी वापरासाठी २७ इंच आणि क्यूएचडी ही जोडी सध्या सर्वांत समतोल मानता येते. ४केवर अक्षरे अधिक रेखीव दिसतात. परंतु फुल एचडीच्या नेमके चौपट पिक्सेल रंगवायचे असल्याने गेमच्या वेळी ग्राफिक्स कार्डावरचा भारही त्या प्रमाणात वाढतो.

पॅनेलचे प्रकार

मॉनिटरचा स्वभाव त्याच्या पॅनेलवरून ठरतो. आयपीएस पॅनेलमध्ये बाजूने पाहिले तरी रंग फारसे बदलत नाहीत. ग्राहकाला शेजारी बसवून रचना दाखवायची असेल तर हा गुण मोलाचा ठरतो. त्याची उणी बाजू म्हणजे काळ्या रंगाची खोली. नेहमीच्या आयपीएस पॅनेलचे कॉन्ट्रास्ट प्रमाण १०००:१ च्या आसपास असते आणि अंधाऱ्या खोलीत काळा भाग राखाडी भासतो.

व्हीए पॅनेलमध्ये हे प्रमाण साधारण ३०००:१ किंवा त्याहून अधिक असते. काळा रंग गडद दिसत असल्याने चित्रपट आणि भयपटाच्या धर्तीचे गेम त्यावर उठून दिसतात. मात्र कोन बदलला की रंगछटा फिकट होतात आणि काही पॅनेलवर अंधाऱ्या दृश्यातील वेगवान हालचालीमागे काळसर फराटा उमटतो. टीएन हा जुना, वेगवान व स्वस्त प्रकार आहे; पण त्याचे रंग थोडीशी मान हलवताच बदलतात, त्यामुळे तो डिझाइनसाठी बाद समजावा.

ओलेड पॅनेलमध्ये प्रत्येक पिक्सेल स्वतः प्रकाशतो. काळ्या जागी पिक्सेल पूर्ण विझतो आणि त्याचा प्रतिसादही अत्यंत जलद असतो. गेमिंगसाठी ही उत्तम निवड आहे. डिझायनरने मात्र दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली, सॉफ्टवेअरच्या पट्ट्या व मेनू रोज आठ-दहा तास एकाच जागी राहिल्यास त्यांचा ठसा पडद्यावर कायमचा उमटण्याचा धोका असतो. काही उत्पादक यासाठी तीन वर्षांची हमी देतात. ती भारतात घेतलेल्या मॉनिटरला लागू आहे का, हे लेखी पाहून घ्यावे. दुसरी, काही ओलेड पॅनेलमध्ये लाल, हिरव्या व निळ्या ठिपक्यांची मांडणी त्रिकोणी असते. त्यामुळे आडव्या कडांना रंगीत झालर दिसू शकते. देवनागरीतील शब्दाला शिरोरेषा असल्याने हा दोष मराठी-हिंदी मजकुरात लवकर नजरेत भरतो. दुकानात मराठी मजकूर उघडून पाहणे हीच याची साधी परीक्षा होय.

रंगव्याप्ती : कोणत्या आकड्याला किती महत्त्व

‘१.६७ कोटी रंग’ ही ओळ जवळजवळ प्रत्येक खोक्यावर असते. लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाच्या प्रत्येकी २५६ पायऱ्या गुणल्या की हा आकडा येतो. त्यातून पायऱ्यांची संख्या कळते. त्या पायऱ्या किती दूरपर्यंत जातात, म्हणजे पडदा किती गर्द लाल किंवा किती सतेज हिरवा दाखवू शकतो, हे कळत नाही. ती माहिती रंगव्याप्तीतून मिळते.

एसआरजीबी ही सर्वांत प्रचलित रंगव्याप्ती १९९६ मध्ये ह्यूलेट-पॅकार्ड आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मांडली. संकेतस्थळे, समाजमाध्यमे आणि बहुतांश कार्यालयीन कामे आजही तिच्यावर चालतात. अ‍ॅडोबी आरजीबी ही १९९८ मधील व्याप्ती हिरव्या-निळसर छटांमध्ये अधिक विस्तृत असून छायाचित्रण व छपाईच्या कामांत ती उपयोगी पडते. डीसीआय-पी३ ही व्याप्ती डिजिटल चित्रपटगृहांसाठी आखली गेली. चित्रफितींचे संकलन करणाऱ्यांनी तिच्याकडे लक्ष द्यावे.

एसआरजीबीची व्याप्ती ९९ ते १०० टक्के असणे ही डिझाइनसाठी किमान अट समजावी. काही उत्पादक त्याऐवजी ‘७२ टक्के एनटीएससी’ असे लिहितात. एनटीएससी हे १९५३ मधील अमेरिकी दूरचित्रवाणीचे मोजमाप आहे. त्याच्या ७२ टक्के क्षेत्रफळ हे साधारण एसआरजीबीएवढे भरते, मात्र क्षेत्रफळ सारखे म्हणजे रंगही तेच, अशी खात्री त्यातून मिळत नाही. ‘४५ टक्के एनटीएससी’ असे दिसल्यास तो पडदा एसआरजीबीच्या दोन-तृतीयांशाहूनही कमी व्याप्तीचा आहे, हे ओळखून डिझाइनसाठी तो टाळावा.

याउलट, अधिक व्याप्ती नेहमीच हिताची ठरते असेही नाही. विस्तृत व्याप्तीच्या पडद्यावर रंगव्यवस्थापन नसलेल्या सॉफ्टवेअरमध्ये साधे चित्र भडक दिसते. ते पाहून डिझायनर रंग उतरवतो आणि तीच रचना ग्राहकाच्या मोबाइलवर फिकी पडते. म्हणून अशा मॉनिटरमध्ये एसआरजीबी मोड असावा आणि त्या मोडमध्ये प्रकाशमान कमी-जास्त करता यावे. काही मॉनिटरवर हा मोड निवडताच प्रकाशमानाचे बटण निष्क्रिय होते.

अचूकता मोजण्यासाठी डेल्टा-ई हे परिमाण वापरतात. अपेक्षित रंग आणि प्रत्यक्ष दिसणारा रंग यांतील अंतर त्यातून कळते. सरासरी डेल्टा-ई दोनपेक्षा कमी असेल तर सामान्य नजरेला फरक क्वचितच जाणवतो. काही मॉनिटरसोबत कारखान्यातील तपासणीचा अहवाल मिळतो. तरीही वापरागणिक पडद्याचे रंग हळूहळू सरकतात. नियमित छपाईची कामे घेणाऱ्यांनी कलरीमीटर हे छोटे उपकरण पडद्यावर ठेवून ठरावीक काळाने कॅलिब्रेशन करावे. एकट्याने विकत घेणे परवडत नसेल तर दोन-चार व्यावसायिकांना ते वाटून वापरता येते.

छपाई वेगळी का येते

‘पडद्यावर उजळ होते, छापल्यावर काळवंडले’ ही छपाईच्या कामातील नेहमीची तक्रार आहे. तिचे एक मोठे कारण मॉनिटरच्या प्रकाशमानात असते. अनेक मॉनिटर २५० ते ३५० निट्स प्रकाशमानाचे असतात आणि खोक्यातून काढल्यावर भरपूर उजळ ठेवलेले असतात. छपाईच्या कामासाठी मंद प्रकाशाच्या खोलीत साधारण ८० ते १२० निट्स पुरेसे असतात. पडदा गरजेपेक्षा उजळ असला की डिझायनर नकळत रचना गडद करत जातो.

दुसरे कारण शाईचे आहे. पडदा प्रकाश मिसळून रंग दाखवतो, तर छपाई निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी अशा चार शायांनी होते. झेंडूचा झळझळीत केशरी किंवा कोवळ्या पालवीचा हिरवा पडद्यावर जसा पेटलेला दिसतो तसा चार शायांतून कागदावर उतरत नाही. ही मर्यादा महागड्या मॉनिटरनेही दूर होत नाही. छापखान्याकडून त्यांच्या यंत्राचे व कागदाचे आयसीसी प्रोफाइल मागून घेऊन सॉफ्टवेअरमध्ये छपाईचे पूर्वदर्शन पाहिल्यास अपेक्षाभंग टळतो. अशा पूर्वदर्शनावर विसंबता यावे, यासाठीच अचूक रंगांचा पडदा लागतो.

रिफ्रेश रेट आणि प्रतिसादकाळ

पडदा एका सेकंदात किती वेळा नवे चित्र दाखवतो तो रिफ्रेश रेट; तो हर्ट्झमध्ये मोजतात. ६० हर्ट्झवर दोन चित्रांमधील अंतर १६.७ मिलिसेकंद, १४४ हर्ट्झवर ६.९ आणि २४० हर्ट्झवर ४.२ मिलिसेकंद असते. म्हणजे ६० वरून १४४ वर गेल्यास जवळपास १० मिलिसेकंद वाचतात. १४४ वरून २४० वर गेल्यास तीनपेक्षाही कमी. पहिला फरक कोणालाही दिसतो. दुसरा प्रामुख्याने स्पर्धात्मक नेमबाजीचे गेम खेळणाऱ्यांच्या कामाचा आहे. दुहेरी वापरासाठी १४४ ते १८० हर्ट्झ पुरेसे असून त्यापुढील पैसा रंगांवर खर्च करणे अधिक शहाणपणाचे ठरते.

‘१ मिलिसेकंद’ हा प्रतिसादकाळाचा दावाही पारखून घ्यावा. पिक्सेलला एका राखाडी छटेवरून दुसरीवर जाण्यास लागणारा वेळ जीटीजी या नावाने दिला जातो. एमपीआरटी हे मोजमाप वेगळे असून ते हालचालीतील पुसटपणाशी निगडित आहे. पडद्यामागचा प्रकाश झपाझप उघड-मीट करून ते खाली आणले जाते. त्या वेळी पडदा मंद होतो आणि अनेक मॉनिटरवर परिवर्ती रिफ्रेश रेट त्यासोबत चालत नाही. जीटीजीचा आकडाही पॅनेलवर कमाल ताण देऊन मिळवलेला असू शकतो. त्या स्थितीत हलत्या वस्तूभोवती उजळ कडा उमटतात. सेटिंगमध्ये ओव्हरड्राइव्ह मधल्या पायरीवर ठेवल्यास बहुधा समतोल साधतो.

ग्राफिक्स कार्डाचा वेग सतत बदलत असतो. पडद्याचा वेग त्याच्याशी जुळला नाही तर चित्र आडवे फाटल्यासारखे दिसते. हा दोष दूर करण्यासाठी एनव्हीडियाने २०१३ मध्ये जी-सिंक जाहीर केले. पुढे व्हेसा या संस्थेच्या अ‍ॅडॅप्टिव्ह-सिंक मानकावर आधारित एएमडीचे फ्रीसिंक आले. २०१९ पासून एनव्हीडियाची कार्डेही अ‍ॅडॅप्टिव्ह-सिंक मॉनिटरवर ही सुविधा देतात. त्यामुळे केवळ जी-सिंकच्या नावासाठी जादा किंमत मोजण्याचे कारण आता फारसे उरलेले नाही.

एचडीआरचा शिक्का

खोक्यावर ‘एचडीआर१०’ असे लिहिले असेल तर मॉनिटर तो संकेत स्वीकारतो एवढेच सिद्ध होते. व्हेसाने डिसेंबर २०१७ मध्ये डिस्प्लेएचडीआर ही प्रमाणपत्रांची श्रेणी जाहीर केली. त्यातील ४००, ६००, १००० हे आकडे कमाल प्रकाशमान दर्शवतात. ४०० या प्राथमिक पातळीवर पडद्याच्या प्रत्येक भागाचा प्रकाश स्वतंत्रपणे नियंत्रित करण्याची अट नाही. त्यामुळे उजळ आणि काळोखी जागा एकाच दृश्यात नीट दिसतील याची हमी तेथे नसते. मर्यादित खर्चात हा शिक्का निर्णायक मानू नये.

जोडणी आणि ग्राफिक्स कार्ड

वेगवान मॉनिटर घेऊनही तो ६० हर्ट्झवरच चालत असल्याच्या तक्रारींमागे बहुतेकदा केबल, पोर्ट किंवा सेटिंग असते. एचडीएमआय २.० मधून ४के चित्र ६० हर्ट्झपर्यंत जाते. ४के १२० हर्ट्झसाठी एचडीएमआय २.१ किंवा डिस्प्लेपोर्ट १.४ लागते. एचडीएमआय २.१ या नावाखाली सर्व सुविधा अनिवार्य नसल्याने आवृत्तीसोबत प्रत्यक्ष रिझोल्यूशन व रिफ्रेश रेटचा उल्लेख पाहावा. नवा मॉनिटर जोडल्यावर संगणकाच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन रिफ्रेश रेट स्वतः वाढवावा लागू शकतो.

लॅपटॉपधारकांसाठी यूएसबी-सी पोर्ट असलेला मॉनिटर सोयीचा असतो. एकाच केबलमधून चित्र जाते आणि लॅपटॉपही चार्ज होतो. मात्र लॅपटॉपच्या प्रत्येक यूएसबी-सी पोर्टमधून चित्र बाहेर पडतेच असे नाही आणि मॉनिटर किती वॅट वीज पुरवतो हेही मॉडेलनुसार बदलते. दोन्ही बाबी खरेदीपूर्वीच तपासाव्यात.

खोली, मेज आणि डोळे

चांगला पडदाही चुकीच्या खोलीत चुकीचे रंग दाखवतो. खिडकी पाठीमागे असेल तर पडद्यावर प्रतिबिंब पडते, समोर असेल तर डोळे दिपतात; ती बाजूला असावी. गडद रंगाच्या भिंतीवरून परावर्तित होणारा प्रकाश रंगांवर छटा चढवतो. रंगांचे काम करताना पडदा पिवळसर करणारा नाइट मोड बंद ठेवावा आणि मॉनिटर सुरू केल्यावर सुमारे अर्धा तास थांबूनच रंगांचा अंतिम निर्णय घ्यावा.

पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली आणि अंतर साधारण हातभर असावे. त्यासाठी उंची कमी-जास्त करता येणारा स्टँड किंवा मागील बाजूस व्हेसा मापाची, उदाहरणार्थ १०० × १०० मिलिमीटरची, छिद्रे असणे उपयुक्त ठरते.

खरेदी, कर आणि हमी

वस्तू व सेवा कराच्या दरांत २२ सप्टेंबर २०२५ पासून झालेल्या बदलानंतर सर्व आकारांच्या मॉनिटरवर १८ टक्के कर आहे. त्यापूर्वी ३२ इंचांपेक्षा मोठ्या मॉनिटरवर २८ टक्के कर होता. करापूर्वी ४० हजार रुपये किमतीचा असा मोठा मॉनिटर पूर्वी ५१,२०० रुपयांना पडला असता. आता तो ४७,२०० रुपयांना पडतो. वस्तू व सेवा करासाठी नोंदणीकृत असलेल्या डिझायनरने बिलावर आपला नोंदणी क्रमांक घ्यावा. व्यवसायासाठी केलेल्या वापरापुरता कराचा परतावा इनपुट टॅक्स क्रेडिटच्या रूपाने मिळू शकतो.

भारतात विकल्या जाणाऱ्या मॉनिटरला भारतीय मानक ब्युरोची सक्तीची नोंदणी लागते. मागील बाजूस छापलेला ‘आर’पासून सुरू होणारा क्रमांक ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपवर पडताळता येतो. मॉनिटर घरी आल्यावर खोके उघडतानाचे चित्रण करून ठेवावे. त्यानंतर पूर्ण काळा, पांढरा, राखाडी, लाल, हिरवा व निळा पडदा दाखवून मृत पिक्सेल, कडेने झिरपणारा प्रकाश आणि डाग तपासावेत. एक-दोन मृत पिक्सेलसाठी पडदा बदलून न देण्याचे धोरण अनेक उत्पादक ठेवतात. त्यामुळे ते धोरण आणि विक्रेत्याकडे वस्तू परत करण्याची मुदत आधीच वाचावी. तक्रारीची दखल घेतली न गेल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर संपर्क साधता येतो. जुना मॉनिटर भंगारात न टाकता अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्यावा.

निवडीचा क्रम

छपाई, वेष्टन किंवा छायाचित्रण हे उपजीविकेचे काम असल्यास २७ इंची क्यूएचडी आयपीएस, एसआरजीबीची पूर्ण व्याप्ती, तपासणी अहवाल आणि परवडल्यास अ‍ॅडोबी आरजीबी, ही दिशा ठेवावी. रिफ्रेश रेट मिळेल तेवढा लाभ समजावा. समाजमाध्यमांसाठी रचना आणि रोजचे गेमिंग समप्रमाणात असेल तर त्याच आकाराचा, १४४ ते १८० हर्ट्झचा, अ‍ॅडॅप्टिव्ह-सिंक आणि वापरण्याजोगा एसआरजीबी मोड असलेला आयपीएस मॉनिटर योग्य ठरतो. शिकाऊ डिझायनरला २४ इंची फुल एचडी आयपीएस पडद्यावरही सुरुवात करता येते. मात्र एसआरजीबीची अट तेथेही सोडू नये. गेमिंग हेच प्रमुख असून डिझाइन छंदापुरते असेल, तर ओलेड किंवा अधिक वेगाच्या पडद्याचा विचार करण्यास हरकत नाही.